खोट्या ललकारीचा मेंढा

पहिल्याच भेटीत वोंदिरादने गिझाव मास्तरांना तीनदा ठार मारलं, आणि तिन्ही वेळा इटालियन समजून.

मास्तर बिचारे आदिस अबाबाहून बदली होऊन आले होते. दोन दिवसांच्या प्रवासाने वाकलेले गुडघे बसच्या पायरीवर सरळ करत होते, तेवढ्यात कोणीतरी दंडाला धरून त्यांना समोरच्या मांडवात लग्नाला नेऊन बसवलं. त्सेहाय अंबा गावात लग्नाच्या दिवशी एखादा माणूस उपाशी दिसला तर यजमानाचं नाक कापलं जातं. मास्तरांनी इंजेराच्या आंबूस धिरड्याचा पहिला तुकडा शिरोच्या पिठल्यात बुडवला न बुडवला तोच मांडवाच्या कोपऱ्यातून भूकंप उठला. साडेसहा फूट उंच, दाराएवढ्या छातीचा, खांद्यावर काळं लोकरी कांबळं आणि हातात भाला घेतलेला एक म्हातारा बाकांवरून उड्या मारत थेट त्यांच्या अंगावर आला. (मास्तरांचं हे माप त्या क्षणाचं. पुढे चहा पिताना मोजलं तेव्हा म्हातारा पाच फूट तीन इंच भरला.) त्या आवाजाने शेजारच्या कोंबड्यांनी तीन दिवस अंडी घातली नाहीत, आणि खाली दरीतल्या गुहेत राहणाऱ्या ठार बहिऱ्या संन्याशाने दार कोण ठोठावतंय म्हणून विचारलं, असं गावात आजही सांगतात.

"अद्वाच्या रणात माझ्या आजाने असाच एक उचलला," म्हातारा गरजला आणि भाल्याचं टोक मास्तरांच्या गळ्यापासून चार बोटांवर थांबलं. मास्तर काही गोरे नव्हते. पण त्यांच्या पायात चकचकीत बूट होते, आणि अख्ख्या मांडवात त्यांच्याइतकं इटालियन दुसरं कोणी दिसत नव्हतं.

"जेवा मास्तर, जेवा," शेजारी बसलेला जाडजूड माणूस कोलो, म्हणजे भाजलेले जव, चघळत म्हणाला. हा काब्तामू, गावाच्या मर्तिक मंडळाचा प्रमुख. "आबा बक्लो आहे तो. भाला बोथट आहे. मागे एकदा नवऱ्या मुलाला लागला, तेव्हा आम्हीच बोथट केला."

खरं नाव वोंदिराद. पण आमच्याकडे नामांकित योद्ध्यांना त्यांच्या घोड्याच्या नावाने ओळखतात, अमक्या घोड्याचा बाप म्हणून. सम्राटांनाही अशी नावं होती. वोंदिरादकडे घोडा कधीच नव्हता. बक्लो म्हणजे खेचर.

गिझाव मास्तर इतिहासाचे. गावात मुक्काम पडल्यावर पंधरा दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की पाठ्यपुस्तकात देशाच्या लढायांना अकरा पानं दिली आहेत आणि वोंदिराद त्याच लढायांना दोन तास घेतो, शिवाय उड्याही मारतो. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले.

वोंदिरादच्या ललकारीत, म्हणजे भाला नाचवत म्हणायच्या घराण्याच्या पराक्रमांत, सात पिढ्या होत्या. पहिला पूर्वज साडेचारशे वर्षांपूर्वी डावखुऱ्या इमामाच्या स्वारीत चर्चची पवित्र पाटी घेऊन अकरा वर्षं गुहेत बसला होता. बसला, म्हणजे लढलाच, कारण गुहा फार थंड होती. दुसरा राजपुत्रांच्या आपापसांतल्या लढायांत दोन्ही बाजूंनी लढला आणि दोन्ही बाजूंनी जिंकला. तिसऱ्याने मग्दालाच्या डोंगरावर सम्राटाची अवाढव्य तोफ ओढून नेली. तोफेचं पुढे काय झालं, हे ललकारीत नव्हतं. चौथ्याने गुरा नावाच्या मैदानात मिस्री फौजेला पाणी पाजलं.

"आबा," मास्तर पेन्सिल थांबवून म्हणाले, "गुराला आपल्या शेवा प्रांताची फौज गेलीच नव्हती."

"आमचे पणजोबा वाट चुकले होते," वोंदिराद म्हणाला.

"बरं. आणि डावखुऱ्या इमामापासून तुमच्यापर्यंत सातच पिढ्या धरल्या, तर प्रत्येकाला पासष्टाव्या वर्षी मूल झालं असं होतं."

"आमच्यात पुरुष लढाईवरून उशिरा परततात, मास्तर. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. पाचवा आजा, अद्वाचा. सहावा बाप, माइचेवचा. बापाच्या ओळी म्हणताना वोंदिराद उड्या कमी मारायचा. माइचेवला विमानांतून जळणारा पाऊस पडला, तो बापाच्या पाठीवर पडला. त्यानंतर पाच वर्षं तो दऱ्याखोऱ्यांत लपून इटालियनांशी लढला. घरी आल्यावर त्याने कधी ललकारी म्हटली नाही. लोक त्याच्या नावाने म्हणायचे, तेव्हा तो उठून मेंढ्यांकडे जायचा आणि रात्री पालथा झोपायचा. हे ललकारीत नव्हतं. वोंदिरादची बायको येशिमेबेत, हिने ते मास्तरांना तेल्ल्याचा, घरच्या जवाच्या दारूचा, पेला भरताना सांगितलं. सासऱ्याच्या पाठीला लोणी तिनेच चोळलं होतं.

आणि सातवा?

सातव्यापाशी गाडी अडायची. ललकारीचा आमच्या डोंगरातला कायदा असा, की म्हणणाऱ्याला कोणीही मध्येच अडवून विचारावं, "साक्षीदार कोण?" मग बसलेल्यांतला एक जण उठतो, "मी पाहिलं" एवढंच म्हणतो आणि बसतो. त्याने खरंच पाहिलं का, हे कोणी विचारत नाही. डावखुऱ्या इमामाच्या काळातल्या गुहेला काब्तामूने स्वतः मास्तरांसमोर उठून साक्ष दिली होती, तोंडात घास असताना. साक्षीदार मिळाला नाही किंवा उलटा बोलला, तर ललकारी खोटी ठरते आणि म्हणणाऱ्याला दंड एक मेंढा. हा दंड कोणी भरल्याचं मात्र जिवंत माणसांपैकी कोणाला आठवत नव्हतं.

सहा पिढ्यांना गाव हसत हसत साक्ष द्यायचं. वोंदिरादने स्वतःचं नाव घेतलं की मांडवात आधीच खसखस पिकायची.

"आणि तू, आबा? साक्षीदार कोण?"

"माझा साक्षीदार जिजिगाच्या घाटात मेला," वोंदिराद म्हणायचा.

"चार पायांचा होता ना तो?"

सगळा मांडव लोटपोट. ओगादेनच्या युद्धात वोंदिरादला बंदूक मिळालीच नव्हती. त्याला अकरा खेचरं मिळाली. आठ महिने त्याने घाटातून वर पाणी वाहिलं आणि परत आला. अंगावर ओरखडाही नव्हता, हे त्याचं सगळ्यात मोठं दुःख. लोक हसले की तोही हसायचा, भाला खाली टेकवायचा आणि ललकारीच्या ठरलेल्या शेवटाकडे जायचा. पण मास्तरांच्या वहीत सातव्या पिढीचं पान कोरंच राहिलं होतं, आणि म्हातारा येता-जाता त्या पानाकडे बघायचा.

त्याला एक मुलगा होता, शिबेशी. आमच्याकडे पोरांना नावं अशी ठेवतात की ऐकूनच शत्रूने पळावं. शिबेशी म्हणजे दाणादाण उडव. ह्या शिबेशीने आयुष्यात फक्त लोकर उडवली. सकाळी मेंढ्यांमागे जाताना हातात चाती, संध्याकाळी परतताना हातात टोपी विणून तयार. बोलायचा कमी. अद्वाच्या विजयाला शंभर वर्षं झाली तेव्हा मास्तरांनी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम केला आणि वहीतली ललकारी ह्याच पोराच्या तोंडून म्हणवून घेतली. पोराचा आवाज, देवा, बापाच्या दुप्पट निघाला. जिल्ह्याहून आलेले साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. वोंदिराद मैदानाच्या कडेला उभा होता. त्याने शेजाऱ्याकडून रुमाल घेतला आणि परत केला नाही.

"मास्तर," तो संध्याकाळी म्हणाला, "त्या कोऱ्या पानानंतर आणखी एक पान ठेवा."

मास्तर खुशीत होते. त्यांनी ठेवलं.

दोन वर्षांनी उत्तरेला बाद्मे नावाच्या एका गावावरून शेजारच्या देशाशी युद्ध सुरू झालं. ते गाव त्सेहाय अंबातल्या कोणी पाहिलं नव्हतं. नकाशात शोधायला मास्तरांना अर्धा तास लागला. भरतीवाले ज्या मैदानावर आले ते शाळेचंच. कर्ण्यावरून भाषण झालं, ढोल झाला, आणि मग साहेबांनी विचारलं, की ती मागची ललकारी म्हणणारा कोणी आहे का.

शिबेशीच्या खिशात त्या दिवशी देब्रे बिर्हानच्या ब्लँकेट कारखान्याचं पत्र होतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. हे मास्तरांना माहीत होतं, कारण अर्ज त्यांनीच लिहिला होता.

"मी नाही म्हणत," शिबेशी मास्तरांना हळूच म्हणाला. "आबांना म्हणू द्या."

वोंदिरादने म्हटली. म्हातारा त्या दिवशी असा काही पेटला की ढोलवाला वाजवायचं विसरला. गुहा झाली, तोफ झाली, वाट चुकलेले पणजोबा झाले, अद्वा, माइचेव. स्वतःपाशी आला आणि थांबला. त्या दिवशी साक्षीदार कोणी विचारला नाही. त्याने कोणाला लढायला जा म्हटलं नाही, पोराचं नावसुद्धा घेतलं नाही. फक्त गर्दीत जिथे पोरगं उभं होतं तिथे बघितलं आणि भाला खाली टेकवला.

शिबेशीने हात वर केला.

"पत्र दे माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "जागा राखून ठेवायला सांगतो."

"राहू द्या," शिबेशी म्हणाला. "लोकरच आहे, कुठे पळते?"

त्या रांगेत गिझाव मास्तरांनी नावं लिहून घेतली, कारण गावात त्यांचं अक्षर सगळ्यांत चांगलं होतं.

दोन वर्षं युद्ध चाललं आणि थांबलं. गावातून एकोणीस गेले होते. अकरा परत आले. सात जणांची नावं सोबत्यांनी आणली आणि सात वेळा मर्तिक मंडळाचा मांडव उभा राहिला. शिबेशीचं नाव दोन्हीकडे नव्हतं. त्याला दुसऱ्या तुकडीत घातलं होतं, ती कुठे होती ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मांडव, बाकं, मोठी पातेली, सगळं काब्तामूच्या ताब्यात. मयत किंवा पक्की बातमी असल्याशिवाय त्यातलं काही हलत नाही. जिवंत माणसाचं रडणं घातलं तर तो खरंच मरतो.

मग म्हातारा काय करणार? तो आठव्या पिढीच्या ओळी रचत बसला. पहिल्या महिन्यात शिबेशीने पाच शत्रू मारले. पुढच्या सणापर्यंत सात झाले. पावसाळ्यात त्याने खंदक घेतला, आणि जव कापायला आले तोवर त्याने रणगाडा पेटवला होता. पोराला यायला जसजसा उशीर होत गेला, तसतसा त्याचा पराक्रम वाढत गेला. वोंदिराद रोज सकाळी नवी ओळ मास्तरांच्या वहीत लिहवून घ्यायचा आणि आदल्या दिवशीची खोडायला लावायचा.

"अहो," येशिमेबेत एकदा चुलीजवळून म्हणाली, "पोरगं जिवंत असेल तर त्याला एवढे मुडदे कशाला लागतात?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला लोणी चोळायचं कळतं. पाठ घेऊन येऊ दे त्याला."

युद्ध थांबून दीड वर्षाने एका दुपारी बसमधून कुबड्या घेतलेला एक तरुण उतरला आणि शाळेच्या दारात आला. बिराटू, पश्चिमेकडचा, वेलेगाचा ओरोमो, घरची भाषा वेगळी, रीती वेगळ्या. परतीच्या वाटेवर सुरुंगावर पडून त्याचा एक पाय गेला आणि इतके महिने दवाखान्यात गेले. तो शिबेशीच्या तुकडीत होता. त्याच्या पिशवीत एक लोकरीची टोपी होती, अर्धी विणलेली.

"मी जवळच होतो," बिराटू म्हणाला. "मीच पुरलं त्याला. कसं झालं ते सांगतो तुम्हाला."

"नको," मास्तर घाईने म्हणाले. "मला नको सांगू. ज्याचं आहे त्याला सांग."

इतिहासाच्या मास्तरांना ऐकायचं नव्हतं. त्यांनी त्याला जेवायला वाढलं, झोपायला घोंगडं दिलं आणि म्हणाले, "उद्या बाप ललकारी म्हणेल. कोणीतरी विचारेल, साक्षीदार कोण. तेव्हा तू उभा राहा."

"राहीन," बिराटू म्हणाला.

उभं राहून काय म्हणायचं, हे मास्तरांनी सांगितलं नाही. सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. इंजेरा हाताने खायचा हे पाहुण्याला कोण सांगतं?

मृत्यूची बातमी आमच्याकडे पहाटे देतात. उजाडायच्या आधी काब्तामू, मास्तर आणि गावातली सात म्हातारी माणसं वोंदिरादच्या अंगणात जाऊन उभी राहिली. कोणी हाक मारली नाही. मेंढ्यांनी हालचाल केली, दार उघडलं, आणि वोंदिरादने पांढरी पांघरुणं घेतलेली ती रांग पाहिली.

"इतके जण लागतात होय?" तो म्हणाला.

आतून येशिमेबेतचा आवाज आला, आणि मग गावातल्या सगळ्या बायकांचा.

दुपारपर्यंत मांडव उभा राहिला. चार गावं लोटली. वोंदिराद बोथट भाला घेऊन मधे उभा राहिला आणि त्याने आयुष्यातली सगळ्यात चांगली ललकारी म्हटली. मास्तर सांगतात, त्याच्या पायांना साठ वर्षं झाली होती हे पाय विसरले होते. सहा पिढ्या झाल्या. सातवी त्याने ह्या वेळी एका श्वासात ओलांडली आणि कोणी हसलं नाही. मग आठवी: बाद्मेच्या रणात शिबेशीने खंदक घेतला, सात जणांना लोळवलं, रणगाड्यावर चढला, छातीवर गोळी झेलली, पाठीवर नाही.

"साक्षीदार कोण?" काब्तामूने विचारलं. रडलेल्या आवाजात विचारलं, मान देण्यासाठी विचारलं.

बिराटू कुबड्यांवर उठला. सगळी माणसं त्याच्या "मी पाहिलं" साठी थांबली.

"खंदक नव्हता तिथे," बिराटू म्हणाला.

मांडवात कोणाला काही समजलं नाही. बिराटूला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून तो मोठ्याने बोलू लागला. त्याला विचारलं होतं, आणि कोणी विचारलं तर खरं सांगायचं, असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं.

"भरती करताना त्याने सांगितलं, बाप खेचरांवरून पाणी वाहायचा. म्हणून त्याला पाण्याच्या ट्रकवर टाकलं. बंदूक त्याला होती, पण चालवायची वेळ आली नाही. शेवटच्या लढाईत तीन दिवस तो आम्हाला पाणी पोचवत होता, झोप नाही काही नाही. मग युद्ध थांबल्याचं रेडिओवर सांगितलं. ऊन फार होतं. तो ट्रकखाली सावलीला जाऊन झोपला. ड्रायव्हर बातमीने खुश झाला होता, त्याने खाली पाहिलं नाही आणि गाडी मागे घेतली." आणि वर म्हणाला, "ड्रायव्हर चांगला माणूस होता. फार रडला."

"पाहुण्याला आपली भाषा नीट येत नाही," काब्तामू घाईने म्हणाला.

"येते की," बिराटू म्हणाला.

वोंदिरादने भाला टेकवला. "झोपेत होता?"

"हो आबा."

"मग कळलं नसेल त्याला."

"नाही कळलं."

"बस तू. एका पायावर किती वेळ उभा राहशील."

बिराटू बसला. वोंदिराद मांडवाबाहेर गेला. लोकांना वाटलं रडायला गेला. तो मेंढा घेऊन आला, शिंगाला धरून, कळपातला सगळ्यात चांगला, आणि काब्तामूसमोर सोडला.

"हे काय आबा? कोणी मागितलाय का?"

"खोट्या ललकारीचा दंड."

"आबा, वेडे आहात का? आजवर कोणी दिलाय?"

"आजवर कोणी खरं पाहिलं होतं?" वोंदिराद म्हणाला. "घे. कायदा आहे."

काब्तामूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पायाखालच्या मातीकडे पाहिलं. तेव्हा बायकांच्या बाजूने येशिमेबेत उठली. तिच्या हातात ती अर्धी टोपी होती.

"अहो," ती शांतपणे म्हणाली, "एकच कसा? सहा पिढ्यांचे सहा आणखी आणा. गुहेचा आणा, तोफेचा आणा. मामंजींचे तर दोन आणा, त्यांनी स्वतः कधी म्हटली नव्हती."

वोंदिराद पुन्हा बाहेर गेला. कळपात आणखी तीनच मेंढे होते, ते त्याने आणले. चारही कापले. चार गावांची माणसं ते जेवली, कारण मर्तिकाचं जेवण नाकारता येत नाही. बिराटूला चांगला तुकडा वाढला गेला. आपण काय केलं ते त्याला कळलं नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी येशिमेबेतने त्याला बसमध्ये बसवलं आणि टोपी स्वतःकडे ठेवली.

ह्यानंतर वोंदिरादने ललकारी म्हटली नाही. लग्नांत लोक आग्रह करायचे, सवयीने बाक रिकामं ठेवायचे. "साक्षीदार नाही," एवढं म्हणून तो जेवायचा. तिसऱ्या लग्नापासून लोकांनी मेहाल मेदा शहरातून कर्णा भाड्याने आणायला सुरुवात केली. मास्तरांनी वही शाळेच्या कपाटात ठेवली. आठव्या पिढीच्या पानावर इतकी खाडाखोड होती की कागद फाटला होता.

पुढच्या वर्षी मोठ्या उपवासाच्या दिवसांत वोंदिराद छातीत कफ होऊन गेला. त्यानंतर चार महिन्यांनी सरकारी कागद आला. शिबेशीला शत्रूशी लढताना वीरमरण आलं, असं त्यात छापलेलं होतं. नाव तेवढं हाताने लिहिलेलं. खाली साक्षीदाराच्या सहीसाठी रेघ होती, आणि सहीशिवाय कागद घरी देता येत नव्हता, म्हणून गिझाव मास्तरांनी सही केली. बाद्मे त्याच्या आदल्या वर्षीच सीमा ठरवणाऱ्या समितीने समोरच्या देशाला दिलं होतं.